उन्हाळ्यात चष्मा आणि गॉगल कसा सांभाळावा?



उन्हाळा आला की आरोग्याच्या पानावर उष्माघात, जुलाब आणि पिण्याचे पाणी यांविषयी लिहिले जाते. ते लिहिलेच पाहिजे. या वेळी मात्र आम्ही एका लहान वस्तूविषयी लिहीत आहोत. ती वस्तू आपल्या बहुतेक घरांत आहे आणि उन्हाळ्यात सगळ्यात जास्त खराब होते. ती म्हणजे चष्मा.

चष्मा ही चैनीची वस्तू नाही. शिलाई मशीनवर बसणाऱ्या ताईच्या सुईत दोरा जातो तो चष्म्यामुळे. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा रात्री अकरापर्यंत वाचतो तो चष्म्यामुळे. आजोबांना गोळीच्या पाकिटावरची तारीख दिसते तीही चष्म्यामुळे. चाळीस वर्षांच्या आसपास जवळचे अक्षर अंधूक दिसू लागते, म्हणून तर आपल्या भाषेत या चष्म्याला 'चाळिशी' असेच नाव पडले.

पैसेवाल्याच्या घरी चष्मा मोडला तर दुसऱ्या दिवशी नवा येतो. आपल्याकडे 'पगार झाल्यावर बघू' असे म्हणतात. त्या पगारातून आधी फी जाते, मग किराणा, मग गॅस. मोडलेला चष्मा घरातल्या बाईचा असेल तर तो सगळ्यात शेवटी दुरुस्त होतो. तोवर ती डोळे बारीक करून तांदूळ निवडते, डोके दुखले की बाम चोळते आणि कामाला लागते. म्हणून असलेला चष्मा टिकवणे हा आपल्या घरच्या आरोग्याचा आणि कमाईचाही प्रश्न आहे.

उष्णतेने चष्म्याचे काय होते?

आपण 'काच' म्हणतो, पण आजच्या बहुतेक चष्म्यांत काच नसते, प्लॅस्टिकचे भिंग असते. ते हलके असते आणि सहज फुटत नाही. त्यावर ओरखडे पडू नयेत आणि प्रकाश चमकू नये म्हणून पातळ थर चढवलेले असतात. दुकानदार त्याला कोटिंग म्हणतात.

तापल्यावर प्लॅस्टिक जास्त फुगते, वरचा थर कमी फुगतो. दोघांची ओढाताण होते आणि थराला केसासारख्या बारीक भेगा पडतात. चष्मा उजेडाकडे तिरपा धरला तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. त्या पुसून जात नाहीत, कारण ती घाण नसते, थरच तडकलेला असतो. असा चष्मा लावला की समोरचे धुरकट दिसते आणि रात्री दिव्याभोवती वलये दिसतात.

प्लॅस्टिकची फ्रेम तापून मऊ पडते आणि वाकते. फ्रेम वाकली की भिंगाचा मधला बिंदू डोळ्यासमोरून सरकतो. नंबर बरोबर असूनही डोके दुखते, मान आखडते. नंबर मोठा असेल तर हा त्रास अधिक. अशा वेळी 'नंबर वाढला' असे समजून लोक नव्या चष्म्याचा खर्च करतात. खरे तर फ्रेम सरळ करून घेतली तरी पुष्कळदा काम भागते.

चष्मा कुठे ठेवू नये?

विदर्भात आणि मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. पण चष्मा हवेत लटकत नाही, तो कुठेतरी ठेवलेला असतो आणि ती जागा हवेपेक्षा खूप जास्त तापते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्याही वर जाऊ शकतो. पुढच्या जागा कटाक्षाने टाळाव्यात.

रिक्षा, टेम्पो किंवा गाडीच्या समोरच्या काचेमागे चष्मा ठेवू नका. चालक बांधवांचे चष्मे तिथेच सर्वांत जास्त खराब होतात.

दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. वरून सीट तापते आणि खालून इंजिन.

पत्र्याच्या घरात कपाटाच्या माथ्यावर किंवा छताजवळच्या फळीवर ठेवू नका. गरम हवा वर जमते आणि पत्र्याची धग थेट तिथे लागते.

शेगडीजवळच्या ओट्यावर ठेवू नका. तिथे धगही लागते आणि फोडणीचे तेलही उडते.

गच्चीवर ठेवू नका. एप्रिल-मे म्हणजे वाळवणाचे दिवस. कुरडया, सांडगे घालताना घाम येतो म्हणून चष्मा काढून बाजूला ठेवला जातो आणि तासभर तापलेल्या सिमेंटवर पडून राहतो. वर जाताना डबी सोबत न्या आणि चष्मा काढलाच तर डबीत घालून सावलीत ठेवा.

घरातली चांगली जागा म्हणजे खालची, सावलीची आणि कोरडी. पिण्याच्या माठाचा कोपरा घरात थंड असतो, त्याच्या आसपासचा कोनाडा चालेल, मात्र ओल लागू देऊ नका. जागा एकच ठरवा आणि घरातल्या सर्वांना ती माहीत असू द्या. रात्री अंधारात चाचपडताना पायाखाली आलेले चष्मे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

चष्मा नेहमी कडक डबीत ठेवावा. डबी नसेल तर काड्या मिटून, भिंगे वरच्या बाजूला करून ठेवावा. भिंगावर पालथा ठेवू नये. काढताना दोन्ही हातांनी काढावा. एका हाताने ओढल्यास काडी पसरते आणि बिजागरी सैल होते. डोक्यावर चढवून ठेवण्याच्या सवयीनेही काड्या पसरतात, शिवाय केसांचे तेल भिंगाला लागते.

धुवायचा कसा?

उन्हाळ्यात धूळ फार उडते. भिंगावर बसलेल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. चष्मा कोरडाच पदराने किंवा शर्टाच्या टोकाने पुसला की ते कण भिंगावर घासले जातात आणि ओरखडे पडतात. म्हणून आधी पाणी, मग फडके, हा क्रम पाळा. पाण्याची टंचाई असली तरी एका चष्म्याला अर्धा तांब्या पाणी पुरते.

१. उन्हातून आल्याबरोबर तापलेल्या चष्म्यावर थंड पाणी ओतू नका. पाच-दहा मिनिटे सावलीत निवू द्या.

२. हात साबणाने धुवा. मग साध्या पाण्याची बारीक धार भिंगावर सोडा. धूळ वाहून जाऊ द्या. गरम पाणी वापरू नका.

३. भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटावर घ्या. भांड्याची वडी नको, ती खरखरीत असते. पातळ साबण नसेल तर अंगाच्या साबणाचा फेस हातावर काढा. त्या फेसाने दोन्ही भिंगे, काड्या, बिजागरी आणि नाकावरची पॅड हलक्या बोटांनी चोळा.

४. स्वच्छ पाण्याने धुऊन झटका आणि मऊ, स्वच्छ सुती फडक्याने टिपा. दुकानातून मिळालेले मऊ फडके असेल तर उत्तम. तेही आठवड्यातून एकदा साबणाने धुवा, नाहीतर त्यातलीच धूळ पुन्हा भिंगाला लागते.

५. उन्हात वाळत ठेवू नका. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. थेंब तसेच सुकले तर पांढरे डाग राहतात. म्हणून धुतल्याबरोबर टिपून घ्यावे.

रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर तोंड धुता तेव्हाच चष्माही धुवा, म्हणजे वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही.

घाम, तेल आणि मलम

घामात मीठ असते. ते धातूच्या फ्रेमला खाते, स्क्रू गंजवते आणि नाकावरच्या पॅडखाली हिरवा थर जमवते. त्या जागी त्वचा लाल होते, खाजते, कधी फोड येतात. अनेकांना वाटते की चष्माच सोसत नाही. पुष्कळदा रोज धुणे आणि पॅड बदलून घेणे एवढाच उपाय असतो. पॅड बदलायला फार पैसे लागत नाहीत. धातूच्या ठरावीक फ्रेमने दर वेळी पुरळ येत असेल तर प्लॅस्टिकची फ्रेम घ्यावी.

घामाने चष्मा घसरत असेल तर मागे दोरी बांधा. बांधकामावर, झाडूकामावर, भाजीच्या गाडीवर काम करणाऱ्यांनी तर दोरी बांधावीच. वाकल्यावर चष्मा खाली पडत नाही.

डास पळवण्याच्या काही मलमांत डीईईटी नावाचे रसायन असते. ते प्लॅस्टिक विरघळवते. संध्याकाळी मलम लावल्यावर हात धुऊनच चष्म्याला हात लावा.

ऐकीव उपाय तपासून पाहा

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासून पाहा, ही तथागतांची शिकवण आपण मानतो. चष्म्याच्या बाबतीतही ती लागू करू या.

'टूथपेस्टने ओरखडे जातात.' जात नाहीत. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी खरखरीत कण असतात. ते उरलेला थरही घासून काढतात. राख, मीठ, खाण्याचा सोडा यांचेही तसेच.

'स्पिरिटने भिंग चकाकते.' स्पिरिट, रॉकेल, थिनर आणि नेलपॉलिश काढायचे द्रावण यांनी थर आणि प्लॅस्टिक खराब होऊ शकते. यांतले काहीही वापरू नका.

'वाकडी फ्रेम गॅसवर शेकून सरळ होते.' दुकानात ठरावीक गरम हवेने फ्रेम मऊ करतात आणि त्याआधी भिंगाची काळजी घेतात. घरच्या ज्योतीवर फ्रेम वितळते आणि भिंगही जाते.

'झटपट चिकटणाऱ्या गोंदाने काडी बसवता येते.' त्या गोंदाच्या वाफेने भिंगावर पांढरे धुके बसते आणि ते निघत नाही. दुकानात नेईपर्यंत साधी चिकटपट्टी गुंडाळा.

'चष्मा सतत लावला की नंबर वाढतो.' चूक. चष्म्यामुळे नंबर वाढत नाही. वाढत्या वयात मुलांचा नंबर डोळ्याच्या वाढीबरोबर बदलतो. तो वेळोवेळी तपासावा लागतो.

गॉगल: काळेपणा वेगळा, संरक्षण वेगळे

१४ एप्रिलला भर उन्हात जयंतीची मिरवणूक निघते आणि वैशाखाच्या उन्हात बुद्ध पौर्णिमा येते. याच दिवसांत हातगाडीवरच्या गॉगलची विक्री वाढते. तरुण मुलांनी गॉगल जरूर लावावा, पण घेताना एक गोष्ट समजून घ्यावी.

सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. वर्षानुवर्षे ते डोळ्यांवर पडले की मोतीबिंदू लवकर होण्याचा धोका वाढतो, तसेच डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बुबुळाकडे मांस वाढू लागते. उन्हात काम करणाऱ्यांत हे जास्त दिसते. म्हणजे ज्याला सावलीत बसायला मिळत नाही त्याचेच डोळे आधी जातात.

गॉगलचा काळा रंग फक्त उजेड कमी करतो. अतिनील किरण अडवणे हा भिंगाचा वेगळा गुण आहे. काळ्या भिंगामागे उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते. भिंगात अतिनील किरण अडवण्याचा गुण नसेल तर त्या मोठ्या बाहुलीतून जास्त किरण आत जातात. असा गॉगल डोळ्यांचे रक्षण करण्याऐवजी नुकसान करू शकतो.

म्हणून गॉगलवर 'यूव्ही ४००' किंवा 'शंभर टक्के यूव्ही संरक्षण' असे लिहिलेले पाहा. ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणे. नुसता कागद चिकटवलेला असेल तर त्यावर विसंबू नका. चष्म्याच्या पुष्कळ दुकानांत हे तपासायचे लहान यंत्र असते. गॉगल कुठूनही घेतला असला तरी दुकानात तपासून मागा. खोट्या नोटा ओळखण्याच्या निळ्या-जांभळ्या दिव्यानेही अंदाज येतो. त्या दिव्याखाली नोटेवरचा क्रमांक चमकतो. मध्ये गॉगलचे भिंग धरल्यावर चमक जवळजवळ गेली तर भिंग किरण अडवते. चमक तशीच राहिली तर तो गॉगल उन्हाच्या कामाचा नाही. हा अंदाजच आहे, पक्की तपासणी यंत्रावर. दिव्याकडे मात्र थेट पाहू नका.

आणखी काही गोष्टी. बिनरंगी भिंगही अतिनील किरण पूर्ण अडवू शकते. म्हणून नंबरचा चष्मा करतानाच तसे भिंग मागितले तर वेगळ्या गॉगलचा खर्च वाचतो. उन्हात आपोआप काळे होणारे भिंग कडक उष्णतेत थंडीपेक्षा कमी काळे होते आणि गाडीच्या काचेमागे फारसे काळे होत नाही. ते बिघडले असे समजू नका, त्याचा स्वभावच तसा आहे. गॉगल मोठा, बाजू झाकणारा असावा, कारण किरण बाजूनेही येतात. रुंद काठाची टोपी किंवा कपाळावर पुढे ओढलेला पदर याने डोळ्यांवर पडणारे ऊन बरेच कमी होते आणि त्याला पैसे पडत नाहीत. लहान मुलांना खेळण्यातले रंगीत गॉगल लावून उन्हात पाठवू नका, टोपी घाला.

वेल्डिंगचे काम करणाऱ्या बांधवांना विशेष विनंती. उन्हाचा गॉगल वेल्डिंगला चालत नाही. वेल्डिंगच्या ठिणगीतले अतिनील किरण फार तीव्र असतात. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते, पाणी वाहते, डोळे उघडत नाहीत. वेल्डिंगची योग्य काच असलेला मुखवटाच वापरा आणि ठेकेदाराकडून तो मागून घ्या. तो देणे हे त्याचे काम आहे.

उसना चष्मा आणि ऑपरेशनचा काळा चष्मा

घरात एकच चाळिशी आणि वापरणारे तिघे, असे आम्ही वस्तीत फिरताना पाहतो. वारलेल्या नवऱ्याचा चष्मा लावून पोथी-पुस्तक वाचणाऱ्या आजीही भेटतात. प्रत्येकाचा नंबर आणि दोन डोळ्यांतले अंतर वेगळे असते. उसन्या चष्म्याने डोळा जात नाही, पण डोके दुखते आणि काम नीट होत नाही. जुनी फ्रेम मात्र मजबूत असेल तर तिच्यात नव्या नंबरची भिंगे बसवून मिळतात. खर्च कमी होतो.

डोळे आले असतील तर काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, साथ मात्र थांबत नाही. साथ हाताने, रुमालाने आणि उशीने पसरते. त्या दिवसांत चष्मा, रुमाल, टॉवेल वेगळे ठेवा आणि चष्मा दिवसातून दोन-तीन वेळा साबणाने धुवा.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस वापरा आणि स्वच्छ ठेवा. पुढे काही आठवड्यांनी नंबर तपासून घ्यायला जायचे असते. ते विसरू नका.

डोळा एकदम लाल होऊन दुखू लागला, अचानक कमी दिसू लागले, डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे झाले किंवा काळे ठिपके वाढले तर चष्मा पुसत बसू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात डोळे दाखवा. मधुमेह असेल त्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

लाज कशाची?

मुलीला चष्मा लागला की काही घरांत चिंता सुरू होते. 'लग्न जमायचे नाही' म्हणून चष्मा फक्त शाळेपुरता, पाहुणे आले की डबीत. मग फळ्यावरचे दिसत नाही, गुण कमी पडतात आणि मुलगी 'ढ' ठरते.

आपल्या प्रत्येक घरात बाबासाहेबांचा फोटो आहे आणि त्या फोटोत चष्मा आहे. मधुमेह आणि अधू होत चाललेले डोळे घेऊन त्यांनी अखेरच्या वर्षांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहिला. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्या फोटोला वंदन करणाऱ्या घरात मुलीच्या चष्म्याची लाज वाटू नये.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्यात शाळेतल्या मुलांची दृष्टी तपासणे आणि गरजूंना मोफत चष्मा देणे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांना तपासतात. शाळा उघडली की मुख्याध्यापकांना विचारा, तपासणी कधी आहे आणि चष्मे कधी मिळणार. ही भीक नाही, आपला हक्क आहे.

विहारात एवढे करता येईल

रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास द्या. एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर, पातळ साबण, पाणी आणि चार स्वच्छ सुती फडकी एवढे सामान पुरते. ज्यांचे चष्मे आहेत त्यांचे धुऊन द्या, सैल स्क्रू घट्ट करा, भिंगे उजेडाकडे धरून भेगा पाहा. धुण्याची पद्धत दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवा, ती घरी जाऊन आजी-आजोबांचे चष्मे धुतील. ज्यांना चष्मा हवा आहे पण नाही, त्यांची यादी करा आणि सगळे मिळून एकाच दिवशी रुग्णालयात जा. एकटी बाई रांगेतून परत येते, दहा बायका तपासणी करूनच परततात.

नमो बुद्धाय. जय भीम.